जावक क्रमांक पडला, निरोप पोचला नाही

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, पीक विमा आहे, कर्ज आहे. त्यांच्या जोडीला 'कचेऱ्यांनी माणसांशी कसे बोलावे' हा विषय पाहून काहींनी विचारले, की हा विषय कॉलेजात ठीक आहे, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला? आम्ही तो मुद्दाम घेतला आहे. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास माणसे गेली. आठशेच्या घरात लोक आजारी पडले. कित्येकांची नजर गेली, कित्येकांची कष्टाची ताकद गेली. ही माणसे विषाने मेली हे खरेच. पण ज्यांना धोका ठाऊक होता त्यांच्याकडून ज्याच्या पाठीवर पंप होता त्याच्यापर्यंत निरोप वेळेत पोचला नाही, हेही तितकेच खरे. म्हणून हा विषय आमच्या जिवाचा आहे.

त्या वर्षी काय झाले?

पावसाळ्यात कपाशी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्यावर गेली. बोंडअळी आणि पांढऱ्या माशीचा जोर होता. उंच झाडावर फवारायचे म्हणजे नळी वर धरायची आणि तुषार आपल्याच तोंडावर घ्यायचे. बॅटरीच्या पंपाने तुषार आणखी बारीक झाले. दोन दोन, तीन तीन रसायने एकाच टाकीत मिसळली गेली. हवेत दमटपणा, अंगात घामाने भिजलेला सदरा. फवारणारा पुष्कळदा रोजंदारीवरचा मजूर होता. शेत दुसऱ्याचे, पंप दुसऱ्याचा, डबा दुसऱ्याने आणलेला.

जुलै-ऑगस्टपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसे येऊ लागली. सरकारने विशेष तपास पथक नेमले ते ऑक्टोबरमध्ये, वर्तमानपत्रांत बातम्या आल्यानंतर. मृतांच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर झाले. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर आपल्यासह काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदीही आली. हे सगळे झाले, पण केव्हा झाले? पहिला रोगी खाटेवर पडल्यापासून सरकार जागे होईपर्यंतचे जे आठवडे गेले, त्या आठवड्यांत आमच्या शेतांत फवारणी चालूच होती.

तुकडा तुकडा सगळ्यांना माहीत होता

आता थोडा हिशेब करू. कोणाला काय माहीत होते?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना, गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला आता दाद देत नाही, हे २०१७ च्या आधीच दिसले होते. नागपूर ते यवतमाळ हे अंतर दीडशे किलोमीटरचे. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला माहीत होते, की यंदा कोणता डबा किती खपतो आणि कोण दोन दोन डबे मिळून नेतो. कृषी सहायकाला माहीत होते, की कोणत्या शिवारात कपाशी डोक्यावर गेली आहे. कंपनीला तर आपल्या मालात काय आहे आणि त्यावर उतारा आहे की नाही, हे पक्के माहीत होते. वॉर्डातल्या डॉक्टरला माहीत होते, की डोळ्यांची आग, मळमळ, घाम आणि दम घेऊन रोज नवे रोगी येत आहेत. विषबाधेची केस म्हणून पोलीस चौकीकडे कागद जातो, म्हणजे तिथेही नोंद होती.

प्रत्येकाच्या हातात एक एक तुकडा होता. हे तुकडे वेळेत एका टेबलावर आले नाहीत. आणि ज्याला सगळे कळायला हवे होते, त्या फवारणाऱ्याच्या हातात एकही तुकडा नव्हता.

यातला एकेक जण गाठून विचारले तर तो काय म्हणेल? दुकानदार म्हणेल, माझ्याकडे परवाना आहे, मी विकले. डॉक्टर म्हणेल, माझे काम उपचार, मी केले. खात्यातला माणूस म्हणेल, आम्ही परिपत्रक काढले होते, हा बघा जावक क्रमांक. कंपनी म्हणेल, डब्यावर सगळे छापले होते. यातला एकही कदाचित खोटे बोलत नसेल. प्रत्येकाने आपापले काम केले आणि माणूस मेला. हे कसे होते, ते समजून घेतल्याशिवाय कोणाच्या नावाने बोटे मोडून काही साधणार नाही.

नियमाची कचेरी: गुण आणि भगदाड

मॅक्स वेबर नावाचा एक जर्मन समाजशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याने आधुनिक कचेरीचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. आधुनिक कचेरी नियमाने चालते. कामाची वाटणी ठरलेली असते. वरचा कोण, खालचा कोण हे ठरलेले असते. प्रत्येक गोष्ट लेखी असते. खुर्चीवर बसलेल्याचा राग-लोभ, नातेगोते यांना तिथे जागा नसते.

आम्ही या कचेरीला नावे ठेवतो, पण तिचा गुणही मान्य केला पाहिजे. वाड्यावरच्या माणसाच्या मर्जीवर सातबारा अवलंबून असण्यापेक्षा नियमावर अवलंबून असणे शंभर पटींनी बरे. जात, ओळख, पुढाऱ्याची चिठ्ठी यांशिवाय काम व्हायचे तर नियमच लागतो. आमची तक्रार नियम आहेत याबद्दल नाही.

तक्रार अशी, की कामाची वाटणी करताना जबाबदारीचीही वाटणी होते, आणि वाटता वाटता ती इतकी बारीक होते की कोणाच्याच हाताला लागत नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की पहिल्या टेबलाचे काम संपते. कागद पुढे गेला का, वाचला गेला का, ज्याच्यासाठी लिहिला त्याला कळला का, हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही. कामाच्या यादीत बसत नसले तरी ते माणूस म्हणून आपले कर्तव्य आहे, असे जिथे कोणाला वाटत नाही, तिथे नियमाने चालणारी कचेरी नियमानेच माणूस मारू शकते.

माहिती कोणाच्या बचावासाठी?

माहिती दोन कारणांनी दिली जाते. एक, ऐकणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून. दुसरे, उद्या प्रकरण अंगाशी आले तर आपली मान सुटावी म्हणून. कागदावर दोन्ही सारख्या दिसतात. फरक ओळखायचा कसा?

कीटकनाशकाचा डबा हातात घ्या. त्यावर चौकोनात रंग असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हे ठरलेले आहे. हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत लेबल व माहितीपत्रक छापावे, असेही नियमात आहे. कायद्याने पाहिले तर सगळे चोख. पण अक्षर एवढे बारीक, की चष्मा लावूनही लागत नाही. झाडाची हिरवी खूण पाहून आनंद मानणाऱ्या आमच्या माणसाला विषाच्या डब्यावरचा हिरवा रंग काय सांगणार? आणि झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडे घरात कोलामी बोलतात, गोंडी बोलतात. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. तिथल्या मजुराला पुस्तकी मराठीतला 'श्वसनमार्ग' हा शब्द कळेल असे धरून चालणे म्हणजे न सांगण्यासारखेच आहे.

आणखी एक. नियमात फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत असे लिहिले आहे. सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, अंगभर रबर चढवून दिवसभर पंप कोण मारणार? लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असते. जे होणार नाही ते करा म्हणून सांगायचे आणि नंतर 'सांगितले होते' म्हणायचे, ही मान सोडवून घेण्याची माहिती झाली. जीव वाचवणारी माहिती वेगळी असते. ती म्हणते: वारा कोणीकडून आहे ते पाहा आणि पाठीवर घ्या. कपाशी डोक्यावर गेली असेल तर फवारू नका. दोन डबे एका टाकीत ओतू नका. भिजलेला सदरा लगेच उतरवा, अंग साबणाने धुवा. चक्कर आली तर पंप टाकून द्या आणि दवाखान्यात जाताना डबा बरोबर न्या.

डबा बरोबर का न्यायचा, तेही सांगितले पाहिजे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या विषांवर डॉक्टरकडे ॲट्रोपिनचा उतारा आहे. पण डायफेन्थियुरॉन, फिप्रोनिल यांवर ठरावीक उतारा नाही, तिथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. पोटात, अंगात काय गेले हे कळले नाही तर डॉक्टर अंधारात तीर मारतो. कारण कळले की माणूस सूचना पाळतो. नुसत्या हुकमाने पाळत नाही.

'करण्यात यावे' म्हणजे कोणी करावे?

कचेरीच्या मराठीकडे जरा लक्ष द्या. 'कळविण्यात येते की.' 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' 'दक्षता घेण्यात यावी.' या वाक्यांत कर्ता कुठे आहे? कळवतो कोण? कार्यवाही करायची कोणी? कोणत्या तारखेच्या आत? महाराष्ट्राने १९६४ साली राजभाषेचा कायदा करून कारभार मराठीत आणला, तो लोकांना समजावा म्हणून. अक्षरे मराठी झाली. माणूस मात्र वाक्यातून गायब झाला.

पण भाषेचा दोष फक्त कचेरीकडे टाकून चालणार नाही. आपल्याकडे सगळेच 'कपाशीला औषध मारले' म्हणतात. दुकानदार औषध म्हणतो, जाहिरात औषध म्हणते, सरकारी माणूसही औषध म्हणतो. औषधाने कोणी मरत नाही, अशी आपली समजूत. ज्या हाताने औषध कालवले तो हात न धुता भाकरीला लागतो, तो या शब्दामुळे. आमची विनंती आहे, की आजपासून या वस्तूला विष म्हणा. फवारणी करावी लागते, ती करू. पण विष फवारतो आहोत हे जाणून करू.

कायद्यात काय आहे?

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यात कलम २६ आहे. कीटकनाशकाने विषबाधा झाली आणि ती कोणाच्या नजरेस आली, तर ती ठरवलेल्या अधिकाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून घालू शकते. कलम २७ प्रमाणे असा अहवाल आल्यावर किंवा एरवीही, लोकांच्या जिवाला धोका दिसला तर चौकशी होईपर्यंत ६० दिवस विक्री थांबवता येते. म्हणजे निरोपाची वाट कायदा करणाऱ्यांनी पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी आखून ठेवली होती. वाट होती, पण वेळेवर तिच्यावरून कोणी चालले नाही.

भोपाळ आठवा. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री कीटकनाशकाच्या कारखान्यातून वायू सुटला. हजारो माणसे दवाखान्यांत धावली. वायू कोणता, त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना नीट सांगणारे कोणी नव्हते. ओल्या कापडाने तोंड झाका, एवढा निरोपही वस्त्यांपर्यंत गेला नाही. त्यातून धडा घेऊन १९८७ साली कारखाने कायद्यात कलम ४१-ब आले. धोक्याच्या कारखान्याच्या चालकाने तिथे काय धोका आहे हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगितलेच पाहिजे, असे बंधन त्यात घातले गेले. विष जिथे तयार होते तिथल्या कामगाराला हा हक्क मिळाला. तेच विष शेतात फवारणाऱ्या मजुराला तो लागू नाही, कारण शेत म्हणजे कारखाना नव्हे. आमचे म्हणणे आहे, की विष एकच असेल तर ते जाणून घेण्याचा हक्कही एकच असला पाहिजे.

वरून खाली हुकूम, खालून वर अर्ज

ही गोष्ट एकट्या फवारणीची नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. ती ज्यांनी भोगली त्यांना केंद्रावरची रांग आठवत असेल. ग्रेडरने कापसात हात घातला, प्रत सांगितली, विषय संपला. प्रत का घसरली, याचे कारण नाही. चुकारा कधी? 'वरून पैसे आले की.' वर म्हणजे कुठे? त्याला विचारायची सोय नाही.

२०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज भरायला आम्ही रात्र रात्र केंद्रांवर बसलो. नाव ग्रीन लिस्टमध्ये आले तर आले. नाही आले तर का नाही, हे बँक सांगेना आणि तहसीलही सांगेना. २०१६ च्या पीक विमा योजनेत कापून पसरलेली ज्वारी अवकाळीने काळी पडली तर ७२ तासांत कळवा, अशी अट होती. राज्याने पुढे योजनेच्या अटी बदलल्या, तो वेगळा विषय. पण तो हिशेब लक्षात ठेवा. शेतकऱ्याला उशीर झाला तर हक्क गेला. तिकडून उत्तराला उशीर झाला तर शेतकऱ्याने पुन्हा खेटे घालायचे.

तीन गोष्टी इथे दिसतात. हुकूम वरून खाली येतो, कारण येत नाही. अर्ज खालून वर जातो, उत्तर येत नाही. आणि वाईट बातमी तर वर जातच नाही, कारण ती नेणाऱ्यालाच आधी विचारतात, की तू काय करत होतास? साहेबाच्या मीटिंगमध्ये 'सर्व ठीक' म्हणणारा सुखात राहतो. 'माझ्या तालुक्यात चार रोगी वाढले' म्हणणाऱ्याकडून खुलासा मागवतात. अशा ठिकाणी साहेबाला खरे कळणारच नाही. वाईट बातमी आणणाऱ्या कनिष्ठाला संरक्षण देणे हे वरिष्ठाचे नैतिक काम आहे, मेहेरबानी नाही.

जुन्या काळी कोतवाल दवंडी द्यायचा. दवंडीतून सारा भरण्याचा हुकूमही यायचा, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्यात दोन गुण होते. ती प्रत्येक वस्तीवर जायची, आणि ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे उलट विचारता यायचे. परिपत्रक मोबाईलवर पाठवले म्हणजे झाले, असे मानणाऱ्या आजच्या कचेरीत हे दोन्ही गुण हरवले आहेत.

आमचे ठराव

या बैठकीपुढे आम्ही पाच गोष्टी ठेवतो आहोत.

एक. फवारणीच्या हंगामाच्या आधी प्रत्येक गावात, प्रत्येक वस्ती-तांड्यावर, मजुरांसह, तिथल्या बोलीत माहिती द्यावी. किती पत्रके वाटली हा हिशेब नको. किती जणांना उलटून विचारल्यावर सांगता आले, हा हिशेब हवा.

दोन. विषबाधेचा पहिला रोगी आला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राने तालुका कृषी अधिकारी आणि तहसीलदार यांना कळवावे, आणि आठवड्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती अर्ज केल्यावर ४८ तासांत द्यावी, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात आहेच. जी माहिती मागितल्यावर दोन दिवसांत द्यावी लागते, ती न मागता द्यायला काय हरकत आहे?

तीन. प्रत्येक नकारावर कारण, कारणाखाली नाव आणि नावाखाली तारीख असावी. 'वरून आदेश आहे' हे कारण धरू नये.

चार. शेतमालकाने मजुराला डबा दाखवल्याशिवाय आणि त्यात काय आहे हे सांगितल्याशिवाय पंप देऊ नये. हा ठराव सरकारवर नाही, आपल्यावर आहे. तहसीलदाराकडून जी माहिती आपण हक्काने मागतो, तीच आपल्या बांधावरच्या मजुराचाही हक्क आहे.

पाच. संघटनाही एक कचेरीच आहे. तिच्यातही वरचा आणि खालचा आहे, कागद आहे, वाटणी आहे. म्हणून जिल्हा बैठकीत झालेला ठराव पंधरा दिवसांत शाखेवर वाचला जावा. शाखेचा विरोध असेल तर तो शब्द न बदलता जिल्ह्याच्या बैठकीत वाचला जावा. आणि शाखेवरून आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर जावे, मग ते उत्तर 'जमणार नाही' असे का असेना. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याला या मांडवात खाली बसवले जाणार नाही, एवढे वचन जिल्हा समितीने आज द्यावे.

पोळा झाला की फवारणीचा जोर सुरू होईल. त्याआधी हे ठराव आपापल्या गावी वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगा. सांगून झाल्यावर त्यांनाच विचारा, की आता तुम्ही सांगा, काय समजले? उत्तर बरोबर आले, तरच निरोप पोचला असे धरा.